भाट्याच्या पुलापर्यंत

वळणावरून वासंतीला आधी चपला दिसल्या. आळीत शिरताना कोपऱ्यावरच्या फणसाआडून तिच्या घराची पायरी दिसते, आणि त्या पायरीवर, पायरीखाली, थेट तुळशीपर्यंत चपलाच चपला होत्या. भल्या सकाळी कुणाच्या दारात एवढ्या चपला कधी असतात, हे रत्नागिरीत कुणाला सांगावं लागत नाही. लग्नमुंज असेल तर मांडव असतो. पूजा असेल तर चपला उलट्यासुलट्या पोरांनी तुडवलेल्या असतात आणि आतून कालवा ऐकू येतो. इथे आवाज नव्हता. चपला कडेकडेला नीट काढलेल्या होत्या, माणसं खालमानेने आत जाताना काढतात तशा. वासंती जागच्या जागी थांबली, आणि अंगातलं चालणं मात्र थांबायला तयार नव्हतं. पोटऱ्यांत ऊब होती, पाठीवर घाम होता, कानांत खाडीचा वारा अजून भरलेला होता. आत्ताआत्तापर्यंत ती काहीतरी गुणगुणत होती. काय, ते साफ गेलं. 'हे', एवढंच तिच्या मनात आलं. नवऱ्याला ती लग्नापासून 'हे'च म्हणत आली होती. चिंतामणी हे नाव पत्रिकेत आणि रेशनकार्डावर. आता त्या 'हे'च्या पुढे मन एक शब्द बोलेना.

मागे दिवाळी सरता सरता ह्यांच्या छातीत कळ आली होती. जिल्हा परिषदेतून निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं, यंत्रं लावली, बहुतेक वायूच होता असं सांगितलं आणि वर एक वाक्य जोडलं, "रोज चालत जा. सकाळी, भरभर." ह्यांना चालण्यापेक्षा त्या 'भरभर'चा राग आला. त्या दिवसांत गावात चालण्याची टूमच निघाली होती. पूर्वी या गावात सकाळी रस्त्याने चालायची ती एसटी चुकलेली माणसं. आता माणसं मारुती मंदिरापाशी गाडी उभी करून चालायला लागली होती. वकील, बागायतदार, बँकेतले साहेब, सगळे माकडटोप्या आणि झुळझुळीत विजारी घालून थिबा पॅलेसच्या रस्त्याने हात हलवत जायचे, आणि पूर्वी आंब्याच्या पेट्यांबद्दल बोलायचे तसे कोलेस्टेरॉलबद्दल बोलायचे. अनिश मुंबईहून कोकण रेल्वेने आला तो वडिलांसाठी खोक्यातले बूट घेऊनच. पांढरेशुभ्र, तळव्याखाली हवा भरलेले. "बाबा, हे घातले की चालल्यासारखं वाटतच नाही," असं तो म्हणाला, आणि हे म्हणाले की मग घालायचे कशाला. तरी थोडे दिवस हे चालायला गेले. मग सर्दी झाली. वासंती म्हणाली, आज नका जाऊ. पडत्या फळाची आज्ञा. खोकं कपाटावर गेलं ते गेलंच.

वासंतीचं चालणं सुरू झालं ते कुणाच्या सांगण्यावरून नाही. एका सकाळी दूधवाला आला नाही म्हणून ती पिशवी घेऊन माळनाक्यापर्यंत गेली आणि दूध घेऊन परत वळायच्या ऐवजी सरळ चालत राहिली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. आंब्यांना मोहोर नुकता फुटत होता, त्याचा तो गोडसर, थोडा डोकं धरणारा वास रस्त्यावर पसरला होता आणि पाय चालले होते. थिबा पॉइंटाला ती पोचली. खाली खाडी, पलीकडे समुद्र, मधे भाट्याचा पूल. तिथे ती दुधाची पिशवी हातात धरून उभी राहिली आणि तिला हसू आलं. दुसऱ्या दिवशी दूधवाला आला होता, तरी तिने पिशवी घेतली. या गावात बाईमाणसाने रिकाम्या हाताने रस्त्याने चालायचं म्हणजे विचारणं आलं. कुठे चाललीस गो? काय आणायला? कोण आजारी आहे? पिशवी असली की उत्तर हातातच असतं. एकदा भाजी, एकदा फुलं, एकदा शिवणाचा दोरा. आणायचं काही नसायचंच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी ती आळीतून बाहेर पडायची, नाका ओलांडला की खांदे सैल सोडायची आणि मग तो तास तिचा असायचा. त्या तासात ती कुणाची आई नसायची, सून नसायची. कुणाला काय हवं, हे लक्षात ठेवायचं काम त्या तासापुरतं कुणा दुसऱ्याकडे गेल्यासारखं वाटायचं. डोक्यात विचार यायचे आणि जायचे, त्यांना बसा म्हणायला लागत नसे.

अलोऱ्याला, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत, तिचे वडील संध्याकाळी असेच निघायचे. जेवणाआधी, हात मागे बांधून, सगळ्या चाळींना वळसा घालून. तिने फ्रॉकच्या वयात एकदा हट्ट धरला होता, मी पण येते. ते म्हणाले, मी कुठे जात नाही गं, नुसता फिरून येतो. कुठे जात नाहीत तर मला न्यायला काय होतं, असं वाटून ती रुसून बसली होती. आई म्हणाली होती, त्यांना तेवढं राहू दे. आईने हे सांगताना पोळी लाटायची थांबवली नव्हती, आणि आईला स्वतःला तेवढं कधी राहू दिलं होतं का, हा प्रश्न वासंतीला पन्नाशी उलटल्यावर थिबा पॅलेसच्या भिंतीकडेने चालताना पडला. पडला आणि लगेच पुढच्या वळणावर खंड्या पक्षी दिसला, तेव्हा मागे राहिला.

आणि आज तर तिने कहरच केला होता. पहाटे उठल्यावर तिला काय वाटलं कोण जाणे, तिने कपाटावरचं खोकं काढलं. ह्यांचा पाय पुरुषाच्या मानाने लहान, तिचा बाईच्या मानाने मोठा. बघायला आल्या होत्या तेव्हा सासूबाई पायाकडे बघूनच म्हणाल्या होत्या, मुलगी कामाला वाघ असणार. बुटाच्या टोकाला थोडा कापूस कोंबला आणि नऊवारीच्या दिवसांतल्या बायका हसल्या असत्या अशा थाटात, पाचवारी थोडी वर खोचून, पांढरे बूट घालून ती बाहेर पडली. पिशवी घेतली नाही. समोरच्या गोदूबाई फाटकाशी केर काढत होत्या. "कुठं चाललीस गो?" त्यांनी विचारलं, आणि वासंतीला उत्तरच सुचेना, कारण उत्तर खुंटीला लटकत होतं. तिने नुसता हात उडवला आणि सुटली. बुटांनी पाय उचलून पुढे ठेवल्यासारखं होत होतं. थिबा पॉइंटाला आज ती थांबली नाही. उतार उतरली, राजिवड्यातून मासळीच्या वासातून गेली, आणि रोज वरून बघायची त्या पुलावर जाऊन उभी राहिली. एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी, खालून होड्या आत येत होत्या. एका होडीतल्या माणसाने वर बघून हात केला. तिनेही केला. कोण होता कोण जाणे. तिच्या छातीत असा काही आनंद दाटून आला की तिने कठड्याला धरलं. आणि तेव्हा तिच्या मनात अगदी स्पष्ट शब्दांत आलं होतं, आत्ता मला कुणीसुद्धा नको आहे.

आता ते वाक्य आळीच्या वळणावर तिच्यासमोर येऊन उभं राहिलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, एवढं तिला कळत होतं, पण कळून पाय पुढे पडेना. गोदूबाईंच्या हिरव्या रबरी सपाता तिने ओळखल्या. लवू रिक्षावाल्याच्या टायरच्या चपला. काळे, चकचकीत बूट, ते डॉक्टरांचे असतील. लवूची रिक्षा दगडी गडग्याला लागून उभी होती, म्हणजे ह्यांना कुठे न्यायचं होतं, आणि नेलं नाही. नेण्यात अर्थ उरला नसेल. आपण पुलावर होतो तेव्हा. आपण कुणा अनोळखी माणसाला हात करत होतो तेव्हा. ती चालायला लागली. फणसापासून फाटकापर्यंत रस्ता तो केवढा, रोज ती कोथिंबिरीची काडी हातात घेऊन तो पार करायची. आज तो संपेना. भैरीबुवा, ती मनात ग्रामदेवाला म्हणाली, बारा वाड्यांच्या राजा, मी काय सांगते ते ऐक. ह्यांना राख. सत्यनारायण घालीन. पाटल्या तुझ्या पायाशी ठेवीन. पण हे सगळं ती कुणा कारकुनाशी बोलल्यासारखं होत होतं. देवाला असं चालत नाही, आवडीचं काही सोडायला लागतं, हे तिला ठाऊक होतं. सासूबाईंनी काशीला जाऊन पडवळ सोडलं होतं, आणि पडवळ त्यांना जन्मात आवडलं नव्हतं. सगळं घर त्यावर हसायचं. आपण तसं करायचं नाही. चहा सोडते. हे कमी पडेल. आंबा सोडते, ती म्हणाली, आणि ते म्हणणं सोपं नव्हतं, कारण ती रत्नागिरीची होती आणि वर्षातले दहा महिने त्या दोन महिन्यांच्या आशेवर काढणारी होती. आंबा सोडला, हापूस, रायवळ, सगळा, मरेपर्यंत. मग तिच्या आत कुणीतरी शांतपणे म्हणालं, आंबा नव्हे बाई, तुझं खरं आवडीचं ते नव्हे. तिला कळलं.  फिरणं सोडते, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. समोर दार उघडं होतं, आत ह्यांना काय झालं होतं देव जाणे, आणि ते दोन शब्द तिच्याच्याने म्हणवेनात. तिला स्वतःची भीती वाटली. आपण अशा आहोत, हे तिला ठाऊक नव्हतं.

फाटकाची कडी तिने काढली तेवढ्यात आतून आवाज आला, "गोदूबाई, ह्या चहात साखर घालायची राहिली."

"आजारी माणसाला साखर कशाला हवी?"

"अहो, पण मी आजारी नाहीये."

जीव भांड्यात पडतो म्हणजे काय, ते वासंतीला त्या क्षणी कळलं. ती पायरीवर, चपलांच्या मधोमध बसली आणि रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. तिचा आवाज ऐकून सगळं घर बाहेर आलं. आठदहा माणसं हातात कपबश्या घेऊन दारात उभी, आणि मागे सदरा उलटा घातलेले हे, झोपेतून उठवलेले, डोळे मोठे केलेले, अगदी जिवंत.

"काय गो बाई, होतीस कुठं?" गोदूबाईंनी विचारलं. "मी विचारलं तर हात उडवलास आन धावत सुटलीस. हातात पिशवी नाय, पायात नवऱ्याचे बूट. मी काय समजायचं? दिवाळीत एकदा झालंच होतं त्यांचं. म्हटलं, घाबरी होऊन मिळेल ते पायात घातलान आन डॉक्टराकडं पळाली."

"मी तर घरात न बघताच आधी सिव्हिल हॉस्पिटल पालथं घातलं वैनी," लवू म्हणाला. "तिथं एक चिंतामणी होता, पण तो दुसरा. त्याच्या बायकोनं मलाच रडून सगळं सांगितलान."

काळे बूट डॉक्टरांचे नव्हते, आळीच्या टोकाच्या एलआयसीवाल्यांचे होते. ती सगळी माणसं खालमानेने घरात शिरली होती, आणि हे अंथरुणात घोरत होते. गोदूबाईंनी नाकाशी हात धरून बघितला, तेव्हा हे शिंकले. मग एवढी माणसं आलीत तर चहा तरी घ्या म्हणून गोदूबाईंनीच चूल हाती घेतली होती, आणि सगळे इतका वेळ बिनसाखरेचा चहा निमूटपणे पीत होते, म्हणून आवाज नव्हता. वासंती हे ऐकत होती आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिला सगळ्यांबद्दल माया वाटत होती, त्या दुसऱ्या चिंतामणीबद्दलसुद्धा. ह्यांनी तिला हाताला धरून आत नेलं. चारचौघांत त्यांनी तिचा हात कधी धरला नव्हता.

"घाबरलीस?" त्यांनी विचारलं.

"मी आंबा सोडला," ती म्हणाली.

 रत्नागिरीत या वाक्याला वजन आहे. लवूने कपबशी खाली ठेवली. "हापूसच ना?" त्याने आशेने विचारलं. "सगळाच," वासंती म्हणाली. "रायवळ तरी ठेवायचा होतात वैनी," तो हळहळला. एलआयसीवाले म्हणाले की त्यांच्या एवढ्या आयुष्यात असं उदाहरण त्यांनी बघितलं नाही. गोदूबाई पदराने डोळे पुसत होत्या. आणि हे नुसते तिच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की वासंतीला त्यांच्याकडे बघवेना.

"माझ्यासाठी आंबा सोडलास," हे म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला. "तर मग माझंही ऐक. मी झोप सोडली. उद्यापासून रोज पहाटे तुझ्याबरोबर फिरायला येणार. भरभर."

सगळ्यांना हे फार आवडलं. "असं पाहिजे," गोदूबाई म्हणाल्या. "दोघं मिळून जा. म्हणजे आमच्या जिवाला घोर नको." आणि वासंतीला वाटलं, आता नुसती मान हलवायची आहे. मान हलवली की सगळं गोड होईल. ह्यांनी देऊ केलं ते साधं नव्हतं, हा माणूस झोपेसाठी परीक्षा बुडवलेला माणूस होता. आणि त्याच वेळी तिला दिसत होतं की उद्यापासून नाक्यावर थांबावं लागेल, पाण्याची बाटली घ्यावी लागेल, वाटेत भेटतील त्यांना ह्यांची ओळख करून द्यावी लागेल, दमलात का विचारावं लागेल, आणि पूल ही दोघांनी बघायची एक जागा होईल. तो तास संपलेला असेल. कुणी हिसकावून नेला असंही म्हणता येणार नाही, इतक्या प्रेमाने तो संपेल.

"नको," ती म्हणाली.

"नको काय?"

"तुम्ही माझ्याबरोबर नका येऊ. मला एकटीला जायला आवडतं." तिने हात मांडीखाली घेतले. "देवाला आंबा दिला. हे दिलं नाही. जिभेवर आलं होतं, पण नाही दिलं. मग तुम्हांला कसं देऊ?"

आता मात्र कुणाला कुठे बघावं कळेना. लवूला रिक्षा आठवली. हळूहळू सगळे उठले, चपला पायांत गेल्या, अंगण मोकळं झालं. हे खुर्चीत बसून होते. "म्हणजे मी खरंच गेलो असतो तरीसुद्धा," ते म्हणाले आणि तिथेच थांबले. वासंतीने खोटं सांगितलं नाही. ती कपबश्या गोळा करायला लागली. दिवसभर हे फारसं बोलले नाहीत. जेवताना आमटी छान झाल्याचं म्हणाले, दुपारी पेपर दोनदा वाचला, संध्याकाळी कुंडीतल्या रोपाला नको एवढं पाणी घातलं. तिने मनातल्या मनात कितीदा तरी ठरवलं की माफी मागावी, आणि कितीदा तरी तिच्या लक्षात आलं की कशाची मागायची ते तिला सापडत नाही. झोपताना तिने विचारलं, "रागावलात?" ते कुशीवर वळले. "बघतो," असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती निघाली तेव्हा ते झोपलेलेच होते, निदान पाठमोरे होते. पाय जड होते. गोदूबाई फाटकाशी होत्या, पण आज त्यांनी कुठे चाललीस असं विचारलं नाही. "जा गो," एवढंच म्हणाल्या. नाका ओलांडेपर्यंत वासंतीला वाटत होतं, मागून हाक येईल. थिबा पॅलेसपाशी ते वाटणं कमी झालं. उतारावर मोहोराचा वास आला, यंदा झाडं कशी लगडणार आहेत ते दिसत होतं, आणि त्यातला एकही आंबा आपला नाही हे आठवून तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण ते वाईट वाटणं तिच्याबरोबर चालत आलं आणि वाटेत निवलं. पुलावर वारा होता. आज कुणी हात केला नाही. ती मन भरेपर्यंत उभी राहिली, मग परत फिरली.

राजिवड्याचा चढ संपताना समोरून एक माणूस येताना दिसला. जुनी कातडी वहाण, उलटा नसलेला सदरा, हात मागे बांधलेले. चाल भरभर नव्हती, पण ठाम होती. तो माणूस रस्त्याकडेच्या झाडांकडे, कुंपणांकडे, माणसाने पहिल्यांदा गावात यावं तसा बघत येत होता. हे होते. वासंतीचा जीव गोळा झाला. आता थांबतील. आता म्हणतील, चल, मीही वळतो. ती आपोआप सावकाश झाली, मग हट्टाने पुन्हा आपल्या चालीला लागली. जवळ आल्यावर त्यांनी तिला पाहिलं. मान थोडी झुकवली, कचेरीच्या जिन्यात साहेबांशी गाठ पडली की झुकवायचे तेवढी. तिनेही झुकवली. त्यांच्या श्वासाचा आवाज तिला शेजारून जाताना ऐकू आला, किंचित धापेचा, छानसा. थोडं पुढे गेल्यावर तिने वळून पाहिलं. ह्यांना असं पाठमोरं, एकटं, कुठेही न जाता चालताना तिने एवढ्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. या माणसावर तिचं इतकं प्रेम आहे, हे तिला आधी कुणी सांगितलं असतं तर तिने मानलं नसतं. ती बघत राहिली, आणि हे एकदाही मागे न बघता, आपल्याच नादात, उतार उतरून पुलाकडे निघून गेले.